फिजिक्स सोडून टीव्ही किंवा पॉडकास्टवर विज्ञान सांगायचं करिअर करता येईल का?

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, पीएचडी नकोशी वाटतेय आणि माईकसमोर बसायचंय असं लिहिलंयस. करता येईल रे, पण त्यातलं ते "सोडून" काढून टाक.

मी ठाण्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. मला हे खूळ लागलं १९९५ च्या ग्रहणात. २४ ऑक्टोबर, ऐन दिवाळी, नौपाड्यातल्या आमच्या चाळीत आजीने वेध पाळलेले, चकलीच्या डब्यावर तुळशीपत्र, आणि दूरदर्शनवर ग्रहण लाईव्ह चालू. त्यात पिकल्या केसांचे यश पाल इतक्या मजेत समजावून सांगत होते की आजीपण पदराला हात पुसत येऊन बसली. (चकली ग्रहण सुटल्यावरच मिळाली, तो भाग वेगळा.)

मला तर ते टीव्हीवालेच वाटायचे, दूरदर्शनच्या 'टर्निंग पॉइंट' या विज्ञानाच्या कार्यक्रमात लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारे आजोबा. नंतर कळलं, हा माणूस मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत कॉस्मिक रेजवर, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांवर काम केलेला, १९५८ ची अमेरिकेतल्या एमआयटीची पीएचडी, १९७३ ला इस्रोच्या अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचा पहिला डायरेक्टर, आणि १९७५-७६ मध्ये सॅटेलाइटवरून सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही दाखवला त्या 'साइट' प्रयोगामागेही हेच. स्वतः टीव्हीवर झळकायच्या आधी टीव्हीच गावात नेला म्हण ना.

तिकडे ब्रिटनमधला टीव्हीवर विज्ञान सांगणारा ब्रायन कॉक्स घे. बारावीच्या लेव्हलला मॅथ्समध्ये डी ग्रेड, बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा, १९९४ ला बँडचं गाणं ब्रिटनमध्ये नंबर वन, तरी १९९८ ला मँचेस्टरमधून पार्टिकल फिजिक्सची पीएचडी केलीच. बीबीसीवरची त्याची सूर्यमालेची सिरीज आली २०१० ला.

आता माझी फजिती. डॉप्लर इफेक्टवर (आवाज करणारी वस्तू जवळ येताना किंवा लांब जाताना तिच्या आवाजाची पट्टी वेगळी ऐकू येते, ते) चार मिनिटांची क्लिप करायची म्हणून ठाणे स्टेशनला उभा राहून न थांबणाऱ्या मेलचा हॉर्न मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि वर मोठ्या ऐटीत सांगितलं की गाडी जवळ येते तशी हॉर्नची पट्टी चढत जाते. दुसऱ्याच दिवशी माझ्याच वर्गातली एक मुलगी म्हणाली, सर, चढत कुठे जातेय? परत ऐकलं तर खरंच, एकाच स्पीडने येणाऱ्या गाडीची पट्टी आधीपासूनच वर असते, समोरून जाताना ती फक्त उतरते, वाढत जातो तो नुसता आवाजाचा जोर. वीस वर्षं शिकवतोय आणि कानाने ऐकलेलं न तपासता बोलून मोकळा झालो. वर्गात फळा पुसता येतो, इथे ते शेअर होऊन नातेवाईकांच्या ग्रुपवर फिरून आलं होतं.

पैशाचं विचारलंयस, तर माझं घर अजून पगारावरच चालतं.

ती क्लिप काढली नाहीये, शेवटी दुरुस्ती बोलून जोडलीये. हेडफोन लावून ऐक, मध्येच अनाउन्समेंट घुसलीये तिच्याकडे दुर्लक्ष कर.