रोज तीस शब्द पाठ करते, तरी विसरते

प्रश्न : मॅडम, मी बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय. रोज तीस अवघड इंग्रजी शब्द अर्थासकट पाठ करते. आठवड्याने चार-पाचच आठवतात. मराठी माध्यमातून शिकल्यामुळे असं होतं का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही, आणि हे आधी मनातून काढून टाका. मराठी तुमच्या मदतीलाच येणार आहे.

'इम्पीड' घ्या. पुस्तकात अर्थ असेल 'अडथळा आणणे'. 'हिंडर' आणि 'ऑब्स्ट्रक्ट'पुढेही तेच छापलेलं असतं, मग लक्षात काय राहणार? आता शब्द फोडून बघा. लॅटिनमध्ये 'पेड' म्हणजे पाय. आपलं 'पद' त्याच कुळातलं. 'इम्पीड' म्हणजे मुळात पाय अडकवणे. आपण 'कामात खोडा घातला' म्हणतो, तो खोडाही कैद्याचे पाय अडकवायचं लाकूडच! अडकलेले पाय सोडवले की 'एक्स्पिडाइट', म्हणजे काम झटपट मार्गी लावणे. पायी जाणारा तो 'पेडेस्ट्रियन'. हे तीन शब्द एकमेकांना धरून राहतात.

नुसत्या यादीचा दुसरा धोका मी वर्गात पाहिलाय. माझ्या एका विद्यार्थ्याने नोकरीच्या अर्जात स्वतःला 'क्रेड्युलस' म्हटलं होतं. वहीत अर्थ होता 'विश्वास ठेवणारा'. त्याने तो 'विश्वासू' असा घेतला. खरा अर्थ, कुणीही काही सांगितलं की खरं मानणारा, भाबडा. त्याला हवा होता 'ट्रस्टवर्दी'. अर्ज तोवर गेला होता. मुलगा हुशार होता, म्हणून मला अजून वाईट वाटतं. शब्द वाक्यातून भेटला असता तर ही चूक झालीच नसती.

विसरण्याबद्दल म्हणाल, तर जर्मनीचे मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि ते 1885 मध्ये प्रसिद्ध केले. पाठांतरानंतर सुरुवातीलाच माणूस सर्वांत वेगाने विसरतो, असं त्यांना दिसलं. म्हणून आजचे शब्द उद्या बघाच. मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. अर्थ झाकून, आठवून बघा. नुसती नजर फिरवू नका.

तीस नकोत, आठ पुरेत. प्रत्येकाचं एक वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं लिहा: घरातलं, एस.टी.तलं, अभ्यासिकेतलं. 'इम्पीड' आणि 'एक्स्पिडाइट'ची वाक्यं आज रात्रीच लिहा आणि मला पाठवा. मी तपासून देईन.