प्रतिकारक जिवाणूंमध्ये फाज टिकतो कसा?

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रकल्पात ई. कोलाय जिवाणूंच्या नळीत लॅम्डा फाज (जिवाणूंना मारणारा विषाणू) सोडला. काही तासांत जिवाणूंचा गढूळपणा गेला, दुसऱ्या दिवशी परत आला. फाज मात्र नाहीसा झाला नाही. जिवाणू प्रतिकारक झाले, तर फाज जगतो कशावर? दोघेही बदलत आहेत हे दाखवायचं कसं?

उत्तर: आधी एक खात्री करून घ्या. मूळ लॅम्डा पेशीला न मारता तिच्या गुणसूत्रात जाऊन बसू शकतो, आणि अशी पेशी पुढच्या लॅम्डाला दाद देत नाही. हा प्रतिकार म्हणजे उत्क्रांती नव्हे. म्हणून सीआय जनुक (फाजला पेशीत असं बसून राहायला लागणारं) निकामी असलेला फाजचा वाण घ्या. प्लाक (जिवाणूंच्या थरात फाजने पाडलेले स्वच्छ ठिपके) मधोमध धूसर दिसले, तर वाण चुकला.

लॅम्डा शेपटीच्या टोकावरच्या ‘जे’ (J) प्रथिनाने जिवाणूच्या बाह्यपटलावरील लॅम-बी या प्रथिनाला चिकटतो. हे लॅम-बी मुळात माल्टोज आत घेण्यासाठी असतं. प्रतिकारक पेशींत अनेकदा माल-टी जनुक (लॅम-बीचं उत्पादन चालू करणारं) बिघडलेलं असतं, त्यामुळे लॅम-बी बनणं जवळजवळ थांबतं. पूर्ण थांबत नाही, हीच मेख आहे. मोजक्या पेशींवर ते येत राहतं, तेवढ्यावर फाजची गुजराण होते आणि दरम्यान त्याच्या ‘जे’ जनुकात बदल साठत जातात. जस्टिन मेयर, रिचर्ड लेन्स्की आणि सहकाऱ्यांच्या 2012 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 96 पैकी 24 संवर्धनांत फाज ओएमपी-एफ या वेगळ्याच प्रथिनाला चिकटू लागला. त्याला ‘जे’ जनुकात चार बदल लागले. तिनांवर भागलं नाही. जिवाणूंनी आतल्या पटलावरचं मॅनोज-वाहक प्रथिन आधीच बिघडवलं असेल, तर फाजचा डीएनए आत शिरत नाही आणि नवा ग्राही (फाज चिकटतो ते प्रथिन) मिळूनही फाजला फायदा नसतो.

आता प्रयोग. रोज 1 टक्का मिश्रण ताज्या माध्यमात न्या आणि रोजचा नमुना राखा. जिवाणू एकेका वसाहतीतून दोनदा स्ट्रीक करून (प्लेटवर रेघा ओढून पसरवून) फाजमुक्त करा, मग 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांवर ठेवा. फाजच्या नमुन्यात क्लोरोफॉर्मचे थेंब टाकून हलवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचा द्रव 4 अंशांवर ठेवा. नळी काचेची किंवा पॉलिप्रॉपिलीनची हवी, पॉलिस्टायरीन विरघळतं.

पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवसाच्या जिवाणूंचे 0.7 टक्के अगारमध्ये थर ओता (अगार 45 ते 50 अंश, त्याहून गरम असेल तर पेशी मरतात). प्रत्येक थरावर प्रत्येक दिवसाच्या फाजचे दहापटीने विरळ केलेले 5 मायक्रोलिटरचे थेंब ठेवा. विरळ न केलेल्या थेंबाखालच्या स्वच्छ डागावर विश्वास ठेवू नका. फाज खूप असले की पेशी नुसत्या चिकटण्यानेही फुटतात, आणि उरलेला क्लोरोफॉर्मही तसाच डाग पाडतो. सुटे प्लाक मोजता आले तरच नोंद करा. एखाद्या दिवसाच्या जिवाणूंपुढे मागच्या दिवसाचा फाज हरतो, पण त्याच जिवाणूंना पुढच्या दिवसाचा फाज मारतो, असं दिसलं तर दोघेही बदलले आहेत.

माल्टोज घातलेल्या मॅकॉन्की अगारवर (यात साखर वापरणाऱ्या वसाहती लाल होतात) माल-टी बिघडलेल्या वसाहती फिक्या येतात. मात्र फक्त लॅम-बी बिघडलेल्या वसाहती तिथे लालच दिसू शकतात, तेव्हा रंगावरून त्यांना संवेदनशील ठरवू नका. फाजने नवा ग्राही गाठला का, हे लॅम-बी जनुक काढून टाकलेल्या वाणाच्या थरावर कळतं: तिथे प्लाक उठले, तर गाठला.