घुमटाआधी फरशीखालचा विचार

प्रश्न : घरामागच्या मोकळ्या जागेत लाकडावर चालणारी विटांची पिझ्झा भट्टी स्वतःच्या हाताने बांधावी, असे मनात आहे. बांधकामाचा अनुभव म्हणाल तर बागेची एक बुटकी भिंत, एवढाच. घुमट अंगावर कोसळेल की काय, ही मुख्य धास्ती आहे. भट्टीचा आकार केवढा ठेवावा, साध्या विटा आणि सिमेंट चालेल का, आणि कोणत्या गोष्टीकडे अधिक लक्ष द्यावे?

उत्तर : ही धास्ती जवळजवळ प्रत्येक नवख्याला असते, पण घुमट सहसा दगा देत नाही. त्यातला प्रत्येक गोल थर पुरा झाला की त्यातल्या विटा एकमेकींना रेटून धरतात आणि तो थर आपला भार आपणच सांभाळू लागतो. भट्टी बिघडते ती बहुधा फरशीखाली, आणि तिथली चूक घुमट चढल्यावर सुधारता येत नाही. माझ्या पहिल्या भट्टीत मी अग्निरोधक विटांची फरशी थेट काँक्रीटच्या स्लॅबवर मांडली होती. तीन तास जाळ करूनही पिझ्झ्याची कड वरून करपू लागे आणि उलथन्याने कोपरा उचलून पाहावे, तर बूड पांढरेफटक आणि ओलसर. शेवटी वाकून स्लॅबला खालून हात लावला आणि तो चटकन मागे घ्यावा लागला, तेव्हा सगळा उलगडा झाला. माझे निम्मे लाकूड स्लॅब तापवण्यात खर्ची पडत होते. ती भट्टी मी पुढे पाडली.

म्हणून स्लॅब आणि फरशी यांच्यामध्ये उष्णता अडवणारा थर हवाच. त्यासाठी 5 सेंटिमीटर जाडीचे कॅल्शियम सिलिकेट बोर्ड वापरता येतात, किंवा पर्लाइट अथवा व्हर्मिक्युलाइट या तापवून फुगवलेल्या हलक्या खनिजांचे 5 भाग आणि सिमेंटचा 1 भाग कालवून किमान 10 सेंटिमीटर जाडीचा थर ओतता येतो. हे मिश्रण ओलसर भातासारखे दिसते आणि हे कसले काँक्रीट, अशी शंका येते. पण त्यातली हवा हेच त्याचे बळ आहे, त्यामुळे ते धुमसाने ठोकून घट्ट करण्याचा मोह आवरावा. हा थर भिजू देऊ नये, कारण ओला झाला की तो उष्णता अडवण्याऐवजी वाहून नेऊ लागतो.

पाया आणि चौथरा हे नेहमीचे बांधकाम असल्याने त्याबद्दल थोडक्यात सांगतो. आतून 90 सेंटिमीटर व्यासाच्या भट्टीचे वजन चौथऱ्यासह सहज टनाच्या पलीकडे जाते, तेव्हा खडी नीट दाबून तिच्यावर सळ्या घातलेला 10 ते 15 सेंटिमीटरचा स्लॅब असावा आणि भट्टीची फरशी उभ्या माणसाच्या कोपराच्या आसपास यावी. पहिल्या खेपेला 90 सेंटिमीटरपेक्षा मोठा व्यास घेऊ नये, असे माझे मत आहे. मोठी भट्टी तापायला जास्त वेळ आणि जास्त लाकूड खाते, आणि घरच्या चार-सहा माणसांसाठी तेवढा खटाटोप कोणी वारंवार करत नाही. धूर आणि ठिणग्यांचा विचार करून झाडांच्या फांद्या, छपराची कड आणि कुंपण यांच्यापासून जागा लांब निवडावी, आणि बांधकामाचे स्थानिक नियम आधीच पाहून घ्यावेत.

विटांबद्दल सांगायचे तर फरशी अग्निरोधक विटांचीच हवी. घुमट भरीव, चांगल्या भाजलेल्या लाल विटांचाही होऊ शकतो, मात्र वारंवार तापण्या-निवण्याने त्यांचे पापुद्रे सुटून पिझ्झ्यावर पडण्याची शक्यता असते. नुसत्या सिमेंटच्या मालावर मात्र विसंबू नये, कारण साधारण 300 अंश सेल्सियसच्या पुढे साध्या सिमेंटची ताकद घटू लागते आणि पिझ्झा भाजताना भट्टी 400 च्याही वर जाते. तयार अग्निरोधक मॉर्टर उत्तम. ते न मिळाल्यास वाळू 3 भाग आणि सिमेंट, चुना व अग्निरोधक माती प्रत्येकी 1 भाग असा माल कालवावा. त्यातले सिमेंट सुरुवातीला पकड देते आणि पुढे ते कमजोर झाले तरी चुना व माती सांधे धरून ठेवतात.

फरशीच्या विटा माल न लावता, वाळू आणि अग्निरोधक मातीच्या पातळ थरावर, तिरक्या मांडाव्यात. तिरक्या मांडल्या की पिझ्झा आत सरकवायच्या फावड्याची कड सांध्यांना अडत नाही. फरशी घुमटाच्या भिंतीखाली न दडपता तिच्या आत बसवली, तर एखादी वीट फुटल्यास तेवढीच बदलता येते. घुमटासाठी विटा अर्ध्या करून घ्याव्यात आणि फरशीच्या मध्यबिंदूवर फिरणारा, त्रिज्येइतक्या लांबीचा दांडा बसवावा. प्रत्येक वीट त्या दांड्याला टेकवून लावली की गोलाई आपोआप साधते. ग्राइंडरने विटा कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून पाणी मारत कापावे आणि चांगला रेस्पिरेटर, म्हणजे धूळ गाळणारा मुखवटा, लावावा.

तोंडाची उंची हा दुसरा नाजूक भाग आहे. ती घुमटाच्या आतल्या उंचीच्या सुमारे 63 टक्के असावी, म्हणजे घुमट 45 सेंटिमीटर उंच असेल तर तोंड 28 च्या आसपास येते. याहून बरेच उंच ठेवल्यास उष्णता निसटते आणि फार बुटके ठेवल्यास जाळ गुदमरतो. धुराडे घुमटाच्या माथ्यावर न काढता तोंडाच्या बाहेर, पुढच्या कमानीवर काढावे. माथ्यावर काढले तर घुमटाखाली साठायला हवी असलेली उष्णता सरळ आकाशात जाते. शेवटी घुमटावर 25 मिलिमीटर जाडीच्या सिरॅमिक फायबर ब्लँकेटचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या तंतूंच्या चादरीचे, 2-3 थर द्यावेत. तेही रेस्पिरेटर लावूनच हाताळावे आणि वरून गिलाव्याने पूर्ण झाकावे.

प्रश्न : भट्टी बांधून झाल्यावर चौथ्याच दिवशी उत्साहाच्या भरात मोठा जाळ केला. घुमटातून टक्क असा आवाज आला आणि तोंडापासून माथ्याकडे भेग गेली. आता सगळे पाडावे लागेल का?

उत्तर : बहुतेक नाही. नव्या घुमटाच्या सांध्यांत पुष्कळ पाणी असते, आणि पाण्याची वाफ झाली की ती 1,600 पटींहून अधिक जागा मागते. हळूहळू बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती स्वतः वाट काढते. केसासारखी भेग प्रत्येक विटांच्या भट्टीत केव्हा ना केव्हा पडतेच, तापल्यावर ती बरीचशी मिटते आणि तिने काही बिघडत नाही. भेगेत नाणे जात असेल किंवा एखादी वीट हाताने हलत असेल, तर मात्र तेवढा भाग सोडवून पुन्हा बांधावा.

आता किमान आठवडाभर भट्टी तशीच वाळू द्यावी आणि मग रोज एक छोटा जाळ करावा. पहिल्या दिवशी 150 अंशांच्या आसपास काही तास राहावे आणि पुढे दररोज साधारण 50 अंशांनी वाढवत जावे. इन्फ्रारेड थर्मामीटर हाताशी असल्यास अंदाजावर राहावे लागत नाही. जाळ घुमटाला चाटत असेल तर लाकूड कमी करावे. ब्लँकेटचे बाहेरचे आवरण ओलसर लागत असेल तर दुसऱ्या दिवशी तापमान न वाढवता आदल्या दिवसाचेच ठेवावे. शेवटच्या टप्प्यात घुमटावरची काळी काजळी जळून आतल्या विटा पुन्हा स्वच्छ दिसू लागतील, तेव्हा पीठ मळायला घ्यावे.