शेततळ्याचं पाणी किती हिरवं चालेल?

प्रश्न : आमच्या कागद अंथरलेल्या शेततळ्यात रोहू-कटला आहेत आणि त्याच पाण्यावर डाळिंबाचं ठिबक चालतं. माघ सरला की पाणी हिरवंगार होतं. मोरचूद टाकावं का?
— एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : मोरचुदाची घाई नको. या माशांच्या तळ्यात थोडा हिरवेपणा हवाच. तो किती आहे ते मात्र मोजून ठरवा, नजरेच्या अंदाजावर सोडू नका.

डब्याचं २० सेंमी व्यासाचं पत्र्याचं झाकण घ्या. त्यावर चार सारखे भाग आखून आलटून-पालटून काळा आणि पांढरा ऑइल पेंट द्या. मधल्या भोकातून दोरी ओवून खाली जड नट बांधा, दोरीला दर ५ सेंमीवर खूण करा. सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यान, ऊन पाठीवर घेऊन तबकडी पाण्यात सोडा. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, या दोन्हींची सरासरी तारखेसह वहीत लिहा. ३० ते ४० सेंमी असेल तर तळं ठीक. २० च्या खाली गेलं की शेणखत बंद आणि माशांचं खाद्य निम्मं.

गढूळ पाण्यातही आकडा कमीच येतो. म्हणून काचेच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. गाळ खाली बसू लागतो. निळं-हिरवं शेवाळ मात्र बहुधा सायीसारखं वर येतं. अशी साय दिसली तर जनावरांना ते पाणी पाजू नका. या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात आणि ते विष उकळूनही जात नाही.

थंडीत पंधरा दिवसांतून एकदा मोजलं तरी पुरे. माघापासून पाऊस पडेपर्यंत आठवड्यातून दोनदा मोजा. नाल्याचं नवं पाणी तळ्यात घेतलं की आठवडाभर रोज, कारण त्या पाण्यासोबत शेतातलं खत येतं.

आषाढात सलग ढगाळ दिवस गेले आणि २० चा आकडा एकदम ६० वर गेला, तर पाणी निवळलं म्हणून निर्धास्त राहू नका. शेवाळ एकदम मेलेलं असतं आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. मोरचुदाने हेच घडतं, म्हणून ते नको म्हटलं. प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो सूर्योदयाच्या आधी. त्या वेळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर लगेच पंप लावून तळ्याचंच पाणी फवाऱ्याने परत तळ्यात सोडा.

प्रश्न : ड्रिपर सारखे तुंबतात. काय करावं?

उत्तर : साय वरच तरंगते, म्हणून फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपचं पाण्यातलं तोंड) फ्लोटला टांगून पृष्ठभागाच्या साधारण दोन फूट खाली ठेवा, तळाच्या गाळाला टेकू देऊ नका. वाळूच्या फिल्टरच्या दोन्ही गेजमधला दाबाचा फरक स्वच्छ असतानापेक्षा अर्धा किलोने (दर चौ. सेंमी) वाढला की बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवा. काठाला धरलेलं दोऱ्यासारखं शेवाळ जाळीने ओढून बाहेर काढा आणि बांधापलीकडे टाका. काठावर ठेवलंत तर कुजून पुन्हा पाण्यातच उतरेल.