ग्रिब फाइल उघडण्याआधी एवढं तपासा

ग्रिब म्हणजे हवामानाच्या डेटाचा फाइल-प्रकार. जीएफएस या अमेरिकी हवामान-अंदाज मॉडेलची ०.२५ अंशांच्या जाळीची अख्खी फाइल उतरवू नका. एकेका अंदाज-तासाची फाइल सुमारे ५०० एमबी भरते. नोमॅड्स या अमेरिकी हवामान-डेटा सर्व्हरच्या ग्रिब फिल्टरवर हवे तेच घटक, पातळ्या आणि अक्षांश-रेखांशांची चौकट निवडा, फाइल काही एमबींवर येते. मॉडेलचे रन (म्हणजे अंदाजाची गणितं) ००, ०६, १२ आणि १८ यूटीसीचे (जागतिक प्रमाणवेळ), पण डेटा त्यानंतर सुमारे साडेतीन तासांनी सर्व्हरवर टप्प्याटप्प्याने चढतो. घाई केलीत तर पुढचे तास गायब दिसतील. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं.

नकाशा कोरा आला तर आधी रेखांश पाहा: फाइलमध्ये ० ते ३६०, म्हणजे ३० पश्चिम तिथे ३३०. तापमान केल्विनमध्ये असतं, २७३.१५ वजा करा. ईआरए५ या गतकाळातल्या हवामानाच्या युरोपीय डेटासंचात पाऊस मात्र मीटरमध्ये. १००० ने गुणून मिलिमीटर केल्याशिवाय मिलिमीटरच्या रंगपट्टीवर जवळपास काहीच उमटत नाही.