फ्लूची लस आणि आयुष्मान कार्ड

प्रश्न : सासूबाई ७२ वर्षांच्या, दम्याच्या. मुलगी चार वर्षांची. फ्लूची लस सासूबाईंच्या आयुष्मान कार्डावर मिळेल का? केव्हा घ्यावी?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, कार्डावर नाही मिळणार. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात खरे, पण रुग्णालयात दाखल झाल्यावर. पोलिओ-गोवराच्या लसी मोफत लसीकरणाच्या राष्ट्रीय वेळापत्रकात आहेत, फ्लूची लस मात्र त्यातही नाही, त्यामुळे बहुतेकांना पदरमोड करावी लागते. यंदा एकीपुरतेच पैसे असतील तर मी आधी सासूबाईंना देईन. दमेकऱ्याला फ्लू फार छळतो.

मुंबईत फ्लू पावसात उसळतो आणि लस लागू पडायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणून मे महिन्यातच उरका. मुलीची पहिलीच वेळ असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतील. गेल्या वर्षीच्या लसीवर विसंबू नका, विषाणू रूप पालटतो. कुपी चालू हंगामाची आहे ना, हे बेधडक विचारा. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं की लोक धावत येतात, तोवर साथ अर्धी पसरलेली असते. चांगला ताप असेल तर तो उतरल्यावर लस घ्या. साध्या सर्दीसाठी थांबायची गरज नाही.