ज्यूंचे बायबलमधले सण दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतात?

ते सण तिथीवर चालतात, इंग्रजी तारखेवर नाही, म्हणून. हिब्रू महिना चांद्र आहे आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून 19 वर्षांत 7 अधिक महिने घालतात. आपल्या अधिक मासासारखंच, फक्त तिथे तो कायम अदार महिन्याच्या जोडीलाच येतो. सणांची मूळ यादी बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 23व्या अध्यायात आहे:

- पेसाह (वल्हांडण): निसान महिन्याची पौर्णिमा. 2025 मध्ये 12 एप्रिलच्या संध्याकाळी सुरू झाला, त्याच दिवशी आपली हनुमान जयंती होती.
- शावुओत (सप्ताहांचा सण): त्यानंतर सात आठवड्यांनी.
- तिश्री महिन्यात 1, 10 आणि 15 तारखेला अनुक्रमे रोश हशाना (नववर्ष), योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा दिवस), सुक्कोत (मांडवांचा सण).

दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे छापील कॅलेंडरातल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळीच सण लागतो. पाहुणे म्हणून जाणारे इथेच हमखास चुकतात. कोकणातल्या बेने इस्रायलींनी (तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाने) योम किप्पुरला 'दारफळणीचा सण' म्हटलं, कारण त्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून उपास करायचे. रोश हशाना म्हणजे त्यांचा 'नव्याचा सण'.

एक मात्र लक्षात ठेवा: हनुक्का (ज्यूंचा दिव्यांचा सण) या यादीत नाही, आणि पुरीम हा सणही तिथला नाही, तो बायबलमधल्याच एस्तेरच्या पुस्तकातला आहे. शिवाय पेसाह बायबलप्रमाणे सात दिवसांचा असला तरी इस्रायलबाहेर परंपरेने आठ दिवस पाळतात.